एपोबेकचा बँड जातो कुठे? व्हिफ आणि प्रोटिएसोमच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून वहीतलं कामाचं तेवढं इथे उतरवत जाणार आहे. एचआयव्हीचं व्हिफ हे प्रथिन पेशीतल्या एपोबेक३जीला प्रोटिएसोमच्या (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) तोंडी देतं, हे आता पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. आम्हाला ते आमच्या बेंचवर, आमच्या पेशींत पक्कं बसवायचं आहे. व्हिफला अडवणारे रेणू तपासण्याचं पुढचं सगळं काम याच चाचणीवर उभं राहणार. चाचणी कच्ची राहिली तर पुढचा एकही आकडा विश्वासाचा नाही.

एपोबेक (पुढे नुसतं एवढंच लिहीन) हे माणसाच्या पेशीचं स्वतःचं विषाणूविरोधी प्रथिन. २००२ मध्ये त्याची ओळख पटली. ते नव्या विषाणूकणात शिरून बसतं आणि पुढच्या पेशीत विषाणूचा डीएनए तयार होत असताना त्यातल्या सायटोसिनचं युरासिल करून टाकतं. व्हिफ असलं की एपोबेक फारसं उरतच नाही, मग कणात शिरणार कुठून? १९२ अमिनो आम्लांचं हे व्हिफ स्वतः काही कापत नाही. ते पेशीचीच माणसं हाताशी धरतं: कलिन-५, इलाँगिन-बी, इलाँगिन-सी, जोडीला सीबीएफ-बीटा. हे सगळे मिळून (या टोळीला लायगेज म्हणतात) एपोबेकवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढवतात आणि प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतो. पेशीचा रखवालदार पेशीच्याच हातून मारला जातो. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

अख्खा विषाणू आम्ही वापरत नाही. फक्त एकेका प्रथिनाचे प्लाझमिड, म्हणजे ते प्रथिन बनवायला लावणारे डीएनएचे गोल तुकडे. पेशी एचईके २९३टी, कारण त्यांच्यात स्वतःचं एपोबेक जवळपास नसतंच. जे दिसेल ते आपण घातलेलं.

९ जानेवारी

पहिलं ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशींत प्लाझमिड घालणं. बारा खान्यांची प्लेट, प्रत्येक खान्यात एकूण १ मायक्रोग्रॅम डीएनए आणि तो पेशीत नेणारं पीईआय ३ मायक्रोग्रॅम. एपोबेकच्या शेवटाला एचए टॅग आहे, अँटिबॉडीने ओळखता यावं म्हणून. ४८ तासांनी पेशी गोळा करणार.

१३ जानेवारी

ब्लॉट आला. त्यात प्रत्येक नमुन्याची एक लेन असते, प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात आणि अँटिबॉडीने हवं त्याचा बँड दिसतो. एपोबेकचा बँड ४६ किलोडाल्टनला अगदी ठसठशीत. व्हिफ घातलेल्या लेनमध्येही तेवढाच ठसठशीत. व्हिफच्या अँटिबॉडीने २३ किलोडाल्टनला काहीच दिसलं नाही. ट्रान्सफेक्शन बिघडलं असेल असं धरून पुन्हा लावलं आहे.

२२ जानेवारी

तीन वेळा लावलं. तिन्ही वेळा व्हिफचा पत्ता नाही. जीएफपीच्या (हिरवं चमकणारं प्रथिन) खान्यात मात्र दहातल्या आठ पेशी हिरव्या, म्हणजे ट्रान्सफेक्शनमध्ये खोट नाही. प्लाझमिडचं सीक्वेन्सिंग केलं, तेही अक्षरन् अक्षर बरोबर.

चूक शेवटी सापडली, आणि ती प्रयोग लावण्याच्या आधीच झालेली होती. आमचं व्हिफ विषाणूच्या जनुकातून जसंच्या तसं कापून सीएमव्ही प्रमोटरच्या (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) वेक्टरमध्ये, म्हणजे वाहक प्लाझमिडमध्ये, घातलेलं आहे. व्हिफच्या मूळ आरएनएत असे भाग आहेत की रेव्ह हे विषाणूचं दुसरं प्रथिन सोबत नसेल तर तो आरएनए टिकत नाही आणि केंद्रकाबाहेरही नीट येत नाही. विषाणूत रेव्ह असतं, आमच्या प्लेटमध्ये नव्हतं. उपाय सरळ आहे: कोडॉन बदलून घेतलेलं व्हिफ वापरायचं. प्रथिन तेच राहतं, फक्त आरएनएची अक्षरं बदलतात. शेजारच्या गटाकडे असा प्लाझमिड होता, त्यांनी कसलेही आढेवेढे न घेता दिला.

तेरा दिवस आणि आठ ब्लॉट गेले. कुणी हे काम सुरू करत असेल तर प्लाझमिड मागतानाच विचारून घ्या: व्हिफ मूळ अनुक्रमाचं आहे की कोडॉन बदललेलं?

३० जानेवारी

नव्या प्लाझमिडने व्हिफ दिसलं, एपोबेक उतरलं. ० पासून ४०० नॅनोग्रॅमपर्यंत व्हिफ वाढवत नेलं तसा एपोबेकचा बँड पायरीपायरीने फिका होत गेला. सगळ्यांना बोलावून दाखवला.

तासाभराने त्याच ब्लॉटच्या उजव्या टोकाकडे लक्ष गेलं. तिथे म्युटंट व्हिफ होतं, ज्याच्या एसएलक्यू या तीन अमिनो आम्लांच्या जागी तीन अ‍ॅलानिन घातली आहेत. हा भाग गेला की व्हिफला इलाँगिन-सी धरता येत नाही, म्हणजे लायगेज येत नाही, म्हणजे एपोबेक शाबूत राहायला हवं. पण ४०० नॅनोग्रॅम म्युटंटच्या लेनमध्येही एपोबेक निम्म्यावर आलं होतं.

याचा अर्थ इतकाच की जी उतरंड मी कौतुकाने दाखवत होते, तिचा बराचसा भाग विघटनाचा नव्हताच. दोन्ही प्लाझमिड एकाच प्रमोटरवर चालतात. एक वाढवला की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतं. वर मी रिकामा वेक्टर घालून एकूण डीएनए सारखा ठेवायला विसरले होते, त्यामुळे पीईआयचं प्रमाणही लेनगणिक बदललं.

३ फेब्रुवारी

भर घालायला रिकाम्या वेक्टरऐवजी म्युटंट व्हिफच वापरावं असं माझ्या मनात होतं. आमच्या मॅडमनी वेळीच थांबवलं. म्युटंट लायगेजला बोलावत नाही, पण एपोबेकला धरून तर बसतं. खऱ्या व्हिफसोबत त्याच पेशीत घातलं तर ते वाट अडवेल आणि खरं व्हिफ कमजोर वाटेल.

आता ठरलेलं प्रमाण: एपोबेक २०० नॅनोग्रॅम, व्हिफ १०० नॅनोग्रॅम (खरं किंवा म्युटंट, एका खान्यात एकच), बाकी १ मायक्रोग्रॅमपर्यंत त्याच प्रमोटरचा रिकामा वेक्टर. या प्रमाणात म्युटंटची लेन व्हिफ नसलेल्या लेनसारखीच दिसते आणि खऱ्या व्हिफच्या लेनमध्ये एपोबेक पाचव्या हिश्शावर येतं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा जुळलं. यापुढे तुलना नेहमी म्युटंटशीच. 'व्हिफ नाही' ही लेन एकटी पुरेशी नाही.

आणखी एक: ट्युब्युलिनचा बँड ५० किलोडाल्टनच्या आसपास येतो आणि एपोबेकला खेटतो. लोडिंगसाठी, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन पडलंय का हे बघायला, व्हिन्क्युलिनवर गेले.

६ फेब्रुवारी

आता प्रोटिएसोम बंद करून बघायचा. एमजी१३२, १० मायक्रोमोलर, रात्रभर.

सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. २९३टी पेशी एरवी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून पसरलेल्या असतात. आज सगळ्या आखडून गोल झालेल्या, अर्ध्या मीडियात तरंगत, प्लेट जरा हलवली की उरलेल्याही सुटून यायच्या. सोळा तास प्रोटिएसोम बंद ठेवल्यावर पेशी जगणार तरी कशा? लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावणात) प्रथिन निम्मंही मिळालं नाही. टाकून दिलं.

यापुढे सहा तास, त्याहून जास्त नाही. आणि बाकीच्या खान्यांत तेवढंच डीएमएसओ, ज्यात एमजी१३२ विरघळवलेलं असतं.

१७ फेब्रुवारी

मधले दिवस एका चुकीच्या कंट्रोलपायी गेले. सविस्तर लिहिते, कारण ही चूक सहज होण्यासारखी आहे.

एमजी१३२ काम करतंय की नाही हे बघायला मी पी५३ हे पेशीचं प्रथिन निवडलं. पी५३ सतत बनतं आणि सतत प्रोटिएसोमकडे जातं, तेव्हा प्रोटिएसोम अडला की ते साचायला हवं. सहा तासांनी पाहिलं तर काडीचाही फरक नाही. एमजी१३२ अल्डिहाइड वर्गातलं आहे, जुनं झालं की खराब होतं. आमची कुपी जुनीच होती. नवी मागवली, ती यायला पाच दिवस लागले. नव्या कुपीनेही पी५३ तसूभर हललं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. २९३टी मधला 'टी' म्हणजे एसव्ही४० विषाणूचा लार्ज टी अँटिजेन. तो पी५३ला धरून ठेवतो आणि टिकवतो. या पेशींत पी५३ मुळातच साचलेलं असतं, अजून साचणार किती?

तोच ब्लॉट धुऊन युबिक्विटिनची अँटिबॉडी लावली. डीएमएसओच्या लेनमध्ये फिकट सावली. एमजी१३२च्या लेनमध्ये जेलच्या वरच्या काठापासून १०० किलोडाल्टनच्याही खालपर्यंत काळा पट्टा, जणू कुणी बोटाने काजळ ओढलं आहे. जुन्या कुपीची लेनही तितकीच काळी. जुनी कुपी ठणठणीत होती, नव्या कुपीचा खर्च फुकट गेला. आता नवी लहान लहान वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवली आहे आणि एकदा वितळवलेली वाटी परत गोठवत नाही.

१९ फेब्रुवारी

खरं व्हिफ अधिक एमजी१३२: एपोबेक परत आलं. इथेच थांबून 'सिद्ध झालं' म्हणण्याचा मोह होतो, पण त्याच ब्लॉटवर आणखी तीन गोष्टी आहेत. व्हिफ नसलेल्या लेनमध्येही एमजी१३२ने एपोबेक वाढलं. व्हिफ स्वतः दुपटीहून जास्त वाढलं. आणि कहर म्हणजे त्याच प्रमोटरवरचं जीएफपीही वाढलं.

व्हिफचं समजण्यासारखं आहे, तेही प्रोटिएसोमकडेच जातं आणि फार टिकत नाही. पण जीएफपी चांगलं टिकाऊ प्रथिन. ते वाढलं याचा अर्थ एमजी१३२च्या ताणाखाली हा प्रमोटरच जास्त जोरात चालतोय. मग एपोबेकची वाढ किती विघटन थांबल्यामुळे आणि किती नव्याने बनल्यामुळे? हा ब्लॉट ते सांगू शकत नाही.

नवीन प्रथिन बनणं बंद करायचं आणि असलेलं कसं उतरतं ते बघायचं, हा एकच मार्ग. सायक्लोहेक्झिमाइड प्रथिन बनणं थांबवतं, म्हणून याला सायक्लोहेक्झिमाइड चेस म्हणतात.

२६ फेब्रुवारी

सायक्लोहेक्झिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली; ०, १, २, ४ तास.

पहिला प्रयत्न वाया. शून्य तासाचा बँड एका तासाच्या बँडपेक्षा फिका आला, जे शक्यच नाही. कारण लगेच कळलं: शून्य तासाच्या पेशी मी आधी फोडल्या आणि ते लायसेट चार तास बर्फात पडून राहिलं, प्रोटिएज इनहिबिटर घालायचं मात्र शेवटच्या नमुन्यापर्यंत राहून गेलं. आता उलट्या क्रमाने करते. चार तासांच्या खान्यात औषध सगळ्यात आधी, मग दोनच्या, मग एकच्या, आणि सगळ्या पेशी एकाच वेळी फोडायच्या.

दुसरी अडचण अशी की खऱ्या व्हिफच्या लेनमध्ये सुरुवातीलाच एपोबेक इतकं कमी की उतरण मोजायची कशावर? ४८ तासांऐवजी २४ तासांनी चेस सुरू केला, तेव्हा पुरेसं एपोबेक हाती लागलं.

१ मार्च

आज आलेला ब्लॉट आतापर्यंतचा सगळ्यात स्वच्छ. व्हिफ नसताना चार तासांनीही एपोबेक जवळपास तसंच. म्युटंट व्हिफसोबतही तसंच. खरं व्हिफ असताना दोन तासांत निम्म्याच्या खाली, चार तासांनी जेमतेम रेघ. आणि खरं व्हिफ अधिक एमजी१३२: चार तासांनी बँड जागच्या जागी. इथे नवीन काही बनत नाहीये, त्यामुळे प्रमोटरची शंका उरत नाही. एपोबेक खरोखर नाहीसं होतं आणि प्रोटिएसोम अडवला की होत नाही.

८ मार्च

युबिक्विटिनची साखळी एपोबेकवरच चढते का? एचएच्या अँटिबॉडीने एपोबेक लायसेटमधून ओढून काढायचं आणि त्यावर युबिक्विटिन बघायचं. आठवडा याच्यातच गेला.

पहिल्या वेळी साखळी दिसलीच नाही. पेशी फुटल्याबरोबर युबिक्विटिन काढणारी एन्झाइम मोकाट सुटतात आणि आपण ट्यूब मोजत असेपर्यंत साखळी सोलून काढतात. त्यांना अडवायला एन-इथाइलमॅलिमाइड ताजं विरघळवून लायसिस बफरमध्ये घालावं लागतं. दुसऱ्या वेळी घातलं, पण त्याच बफरमध्ये डीटीटी होतं. डीटीटीच्या थायॉलने सगळं एन-इथाइलमॅलिमाइड खाऊन टाकलं. परत कोरा ब्लॉट.

तिसऱ्या वेळी काळा पट्टा आला, पण तो एपोबेकचाच कशावरून? एपोबेकला व्हिफ चिकटलेलं, व्हिफला लायगेज चिकटलेलं, आणि व्हिफवरही युबिक्विटिन चढतंच. पाहुण्यांसकट सगळी वरात ओढून आणली तर पट्टा कुणाचा ते कोण सांगणार? म्हणून चौथ्या वेळी पेशी १ टक्का एसडीएस या डिटर्जंटमध्ये फोडून उकळल्या, म्हणजे चिकटलेलं सगळं सुटतं, आणि मग दहापट पातळ करून एपोबेक ओढलं. पट्टा टिकला. फक्त खऱ्या व्हिफच्या लेनमध्ये, आणि एमजी१३२ असताना ठळक.

अँटिबॉडीची जड साखळी ५० किलोडाल्टनला आणि हलकी २५ ला येते. एक एपोबेक झाकते, दुसरी व्हिफ. ओढायला उंदराची अँटिबॉडी वापरली तर बघायला सशाची वापरा. मला हे दोन ब्लॉट खराब झाल्यावर सुचलं.

११ मार्च

एक बाजूची शंका मिटवून घेतली. टॅट हे एचआयव्हीचं दुसरं प्रथिन २०एस प्रोटिएसोमला स्वतःच चिकटून त्याचं काम मंदावतं, असं १९९७ पासून नोंदलेलं आहे. व्हिफही असं काही करत असेल तर आमच्या चेसचे आकडे हलतील. सक-एलएलव्हीवाय-एएमसी हा सबस्ट्रेट घेतला. तो कापला की चमकतो, ३८० नॅनोमीटरने उजळायचा आणि ४६० ला वाचायचा. पहिल्या दिवशी सगळ्याच लेन मरगळलेल्या, कारण बफरमध्ये एटीपी नव्हतं. एटीपी नसलं की २६एस प्रोटिएसोम सुटून २०एस आणि १९एस वेगळे होतात. एटीपी घातल्यावर वाचन व्यवस्थित, आणि व्हिफ असो वा नसो, फरक नाही. यात तीनपैकी एकाच प्रकारची कापणी मोजली जाते हे खरं, पण आमच्या प्रश्नापुरतं चालेल.

१४ मार्च

एमजी१३२ सगळंच अडवतं, वर कॅल्पेन आणि कॅथेप्सिनलाही थोडंफार धरतं. मला कलिनपर्यंत जायचं होतं. कलिन लायगेज चालू व्हायला त्यावर नेड८ नावाचं छोटं प्रथिन चढावं लागतं. पेवोनेडिस्टॅट, म्हणजेच एमएलएन४९२४, ते चढू देत नाही. १ मायक्रोमोलर, सहा तास.

आधी कलिन-५चा ब्लॉट. एरवी ९० किलोडाल्टनच्या आसपास दोन बँड जवळजवळ दिसतात, वरचा नेड८ चढलेला. औषधाच्या लेनमध्ये वरचा गायब. मग एपोबेक: खरं व्हिफ असूनही शाबूत. आणि युबिक्विटिनचा एकूण पट्टा फारसा वाढलेला नाही, पेशीही फरशीसारख्या नीट पसरलेल्या. प्रोटिएसोम चालू आहे, पेशी धडधाकट आहेत, तरी एपोबेक वाचलं. मी बराच वेळ त्या पडद्यासमोरून उठले नाही.

हे औषध सगळ्याच कलिनना अडवतं, त्यामुळे ते 'कलिन' इतकंच सांगतं, '५' सांगत नाही. त्यासाठी कलिन-५चं बनणं कमी करणारा एसआयआरएनए लावला आहे.

आमची ज्युनिअर व्हीपीयू या एचआयव्हीच्याच दुसऱ्या प्रथिनाचं काम सुरू करते आहे, तिच्यासाठी इथेच लिहून ठेवते. व्हीपीयूने सीडी४ला (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) प्रोटिएसोमकडे पाठवण्याचा रस्ता वेगळा. तिथे बीटा-टीआरसीपी आणि कलिन-१ लागतात, आणि व्हीपीयूच्या ५२ व ५६ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट असावं लागतं. म्युटंट कंट्रोल करायचा तर ती दोन सेरिन बदल. व्हीपीआर हे विषाणूचं आणखी एक प्रथिन अजून तिसरीकडे जातं, डीसीएएफ१कडे. एकाच विषाणूने पेशीच्या तीन वेगवेगळ्या लायगेज आपल्या कामाला जुंपल्या आहेत.

आतापर्यंतचा हिशेब: चार आठवडे धरले होते, दहावा चालू आहे. ३४ ब्लॉट, त्यातले ११ कामाचे.

१८ मार्च

एसआयआरएनएने कलिन-५ साधारण तिसऱ्या हिश्शावर आलं आणि एपोबेक अर्धवट परत आलं. पूर्ण नाही. उरलेलं कलिन पुरत असावं. जितकं दिसतं तितकंच लिहिते आहे.

२७ मार्च

शेवटचा प्रयोग: एपोबेकमध्ये १२८ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट बदलून लायसिन घालायचं. आफ्रिकन ग्रीन माकडाच्या एपोबेकमध्ये त्या जागी मुळातच लायसिन असतं आणि एचआयव्ही-१च्या व्हिफला ते धरता येत नाही.

म्युटेशन करताना पहिल्या चारही कॉलन्या मूळच्याच निघाल्या. डीपीएन-१ची (मूळ साचा कापून टाकणारं एन्झाइम) पाचन वेळ मी कमी ठेवली होती, त्यामुळे साचा प्लाझमिड तसाच राहिला. दोन तास दिल्यावर सहापैकी पाच बरोबर आल्या.

आज दुपारी ब्लॉट आला. डावीकडे मूळ एपोबेक: व्हिफ नाही, म्युटंट व्हिफ, खरं व्हिफ. तिसऱ्या लेनमध्ये जेमतेम रेघ. उजवीकडे १२८ बदललेलं एपोबेक, त्याच तीन लेन, तेच व्हिफ, त्याच दिवशी ट्रान्सफेक्ट केलेल्या त्याच पेशी. तिन्ही बँड सारखे. खाली व्हिफचा बँड दोन्हीकडे तेवढाच, व्हिन्क्युलिन तेवढंच.

३८४ अमिनो आम्लांतलं एक बदललं आणि एपोबेक जागेवर राहिलं.

दोन्ही प्लाझमिडचे ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या कप्प्यातल्या निळ्या डब्यात. सोमवारपासून रेणूंची पहिली प्लेट.